गळ्याचं विरजण

२ सप्टेंबर, सोमवार

पोहोचलो एकदाचे. शाळेची जीप स्टेशनवर न्यायला आली होती. टेकडीचा वळणावळणाचा रस्ता चढताना भोंग्याला एकदाही उलटी झाली नाही, म्हणजे सुरुवात चांगलीच म्हणायची. भोंगा म्हणजे माझा भाचा. वय अकरा, खरं नाव फक्त दाखल्यावर. घरात तो पाळण्यात असल्यापासून भोंगाच, कारण आवाज गिरणीच्या भोंग्यासारखा आणि सुराशी सात जन्मांचं वैर. मामा गाणं शिकवून पोट भरणारा आणि भाचा हा असा.

ताईच्या हॉस्पिटलमधल्या पाळ्या आणि भावजींची बोटीवरची नोकरी यात पोराची आबाळ व्हायची. मला इथल्या चॅपेलच्या कॉयरचा शिक्षक म्हणून बोलावणं आलं, तेव्हा त्यालाही बोर्डिंगात घालायचं ठरलं. निघताना ताईने मला बाजूला घेऊन बजावलं, की त्याला गाणं नाही आलं तरी चालेल, शिस्त नाही लागली तरी चालेल, पण जसा नेतोयस तसा परत आण. मी विचारलं, आवाजासकट? ती म्हणाली, आवाजासकट.

शाळा दगडी, जुनी, पण नीटनेटकी. मधोमध चॅपेल, एका बाजूला वर्ग, दुसऱ्या बाजूला मुलांच्या झोपायच्या लांब खोल्या. मला चॅपेलला लागून एक खोली दिली आहे आणि तिच्यात माझं एकट्याचं वॉशबेसिन आहे. याचा आनंद कुणाला सांगून कळायचा नाही. मला किळस फार. दुसऱ्याचा टॉवेल, उष्टा पेला, बशीत चिकटलेला केस, यातलं काहीही मला जेवणावरून उठवायला पुरतं. ताई लहानपणापासून चिडवते, की हा स्वतःची थुंकीसुद्धा उकळून गिळेल.

रेक्टर, म्हणजे इथले मुख्य फादर, स्वतः खोली दाखवायला आले. बारीक, हसरे गृहस्थ. मुलाखतीतही त्यांनी गाण्यापेक्षा माझ्या घशाचीच चौकशी जास्त केली होती. कधीपासून बसतो, औषध कोणतं, रात्री कोरड पडते का. आजवर कुठल्या साहेबाने इतकी विचारपूस केली नव्हती. फक्त त्यांनी रुमालात नाक शिंकरून, उघडून बघून, नीट घडी घालून तो परत खिशात ठेवला, तेव्हा मी खिडकीबाहेर बघितलं.

संध्याकाळी मेट्रनबाई आल्या. मुलांचं खाणंपिणं, आजारपण, सगळं त्यांच्याकडे. गोल चेहरा, पांढराशुभ्र एप्रन. प्रवासाने माझा घसा पार धरला होता. त्यांनी निळ्या कडेचा पांढरा कप आणला होता, त्यात काहीतरी कोमट, दाटसर, आधी गोड आणि मागून आंबट. काय आहे विचारलं तर म्हणाल्या, इथलंच आहे, घरचंच समजा. पिऊन झाल्यावर सकाळपर्यंत बोलू नका, मानही फार हलवू नका, हललं की बिघडतं. आणि एक जाड लोकरी मफलर माझ्या गळ्याभोवती घट्ट गुंडाळून दिला. घसा असा निवला की काय सांगू. कप मात्र मी माझ्या साबणाने धुऊन परत दिला.

४ सप्टेंबर, बुधवार

आज पहिली तालीम. वीस-पंचवीस मुलं, पांढऱ्या सदऱ्यांत, आपापल्या जागी उभी. मी नुसता आ काढायला सांगितला आणि माझे हात वरच राहिले. एवढी वर्षं शिकवतोय, दोन मुलांचे आवाज जुळवताना नाकी नऊ येतात, आणि इथे अख्खी ओळ एकाच गळ्यातून आल्यासारखी. कोण कधी श्वास घेतो ते शोधून सापडेना. माझे डोळे भरून आले. इथे मी काय शिकवायचं, असा प्रश्न पडला.

जवळ गेल्यावर मात्र मन थोडं आक्रसलं. सगळ्यांची तोंडं सारखीच उघडलेली, जिभा सारख्याच खाली दाबलेल्या आणि प्रत्येक जिभेवर पांढरा थर. दुपारच्या दुधाचा असेल. ओठांच्या कोपऱ्यांत लाळेचे धागे ताणलेले, आणि एकानेही तोंड पुसलं नाही. प्रत्येकाच्या वरच्या खिशात एकेक चमचा. तालीम संपल्यावर सगळे रांगेने चॅपेलमागच्या छोट्या खोलीत गेले आणि दार लागलं. मी निघालो तर रेक्टरनी हळूच दंडाला धरून थांबवलं. ती खोली मेट्रनबाईंची, तिथे मुलांच्या घशाची काळजी घेतात, शिक्षकाने तिकडे बघायचं नसतं, अशी इथली जुनी पद्धत आहे म्हणे. जुनी पद्धत म्हटल्यावर मी जास्त खोदलं नाही.

जेवणघराबद्दल न लिहिलेलं बरं. टेबलाला हात लावला की हात टेबलाजवळच राहतो. सूपवर जाड पापुद्रा धरलेला, तो मुलं बोटाने उचलून तोंडात टाकतात. कॉयरची मुलं वेगळ्या टेबलावर बसतात आणि सगळी एकदमच चावतात. एकदमच गिळतात. मी पाव घेऊन खोलीत आलो.

कप मात्र आजही आला. खरं सांगायचं तर मी त्याची वाट बघत होतो.

८ सप्टेंबर, रविवार

पहिली रविवारची प्रार्थना. खालच्या गावातून माणसं येतात, चॅपेल भरून जातं. कॉयरने तोंड उघडल्यावर म्हाताऱ्या बायका चक्क रडू लागल्या. वरच्या पट्टीतला एकट्याचा सूर पहिल्या रांगेतल्या उंच मुलाचा. त्याला मी मनात मिशीवाला म्हणतो, कारण त्याला खरोखर मिशी आहे. दाढीचे खुंटही आहेत. आणि आवाज सात वर्षांच्या पोराचा. मी नंतर रेक्टरना विचारलं, की या वयात मुलांचा आवाज फुटतो, याचा कसा नाही फुटला? ते अभिमानाने म्हणाले, आमच्याकडे कुणाचाच फुटत नाही.

मधे एक फजिती झाली. सगळ्यांनी मिळून म्हणायच्या ओळीला भोंग्याने मागच्या बाकावरून असा काही सूर लावला की पुढच्या बाकावरच्या बाईने कान झाकला. तेवढ्यात अख्ख्या कॉयरने एकाच वेळी मान वळवली आणि त्याच्याकडे बघितलं. गाणं चालूच होतं. तोंडं गात होती आणि डोळे भोंग्यावर होते. मला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर आल्यावर मी त्याला चिमटा काढला. तो म्हणाला, मामा, देवाला काही प्रॉब्लेम नाही, तुलाच आहे. भोंग्याच्या जिभेला हाड नाही. बाजूला उभे असलेले घंटेवाले काका हसले, आवाज न करता. म्हातारे आहेत, चॅपेलची घंटा वाजवतात, कुणाशी अवाक्षर बोलत नाहीत. मुके असावेत.

रेक्टर रागावले नाहीत. उलट म्हणाले, दोनचार चमचे पोटात गेले की तोही सुरात येईल.

१० सप्टेंबर, मंगळवार

भोंग्याला खोकला. मेट्रनबाईंनी माझ्या कपाबरोबर त्याच्यासाठीही थोडं आणलं. त्याने जरासं चाखलं आणि तोंड फिरवलं. म्हणाला, हे कुणाच्या तरी तोंडासारखं लागतंय. मी म्हटलं, औषध आहे, औषध काय बासुंदीसारखं लागणार आहे? मी माझा स्वतःचा चमचा काढला, गरम पाण्याने धुतला, एका हाताने त्याचं नाक धरलं आणि म्हटलं, आ कर. त्याने केला. ओकारी आली तरी मी तोंड दाबून धरलं, तेव्हा कुठे खाली गेलं. मग दुसरा चमचा. डोळ्यांत पाणी आणून तो माझ्याकडे बघत राहिला. चमचा त्यालाच देऊन टाकला.

माझा घसा तर काय वर्णावा. पंधराव्या वर्षी जे सूर सोडून गेले ते परत आलेत. आज खोलीत एकटाच गात बसलो आणि इतक्या वर जाऊन आलो की स्वतःचं हसू आलं. मेट्रनबाईंना मोठा कप आणायला सांगितलाय. त्या म्हणाल्या, मुलांना चमचाभर, पण सरांना हवं तेवढं.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

लिहायचं आहे. हात धुऊन आलो, परत धुतले, तरी लिहिताना वही ओली होतेय.

आज कप आला नाही. घशाला इतकी सवय लागली आहे की मी संध्याकाळी स्वतःच आणायला निघालो. तालीम नुकतीच संपली होती. मागच्या खोलीचं दार नीट लागलं नव्हतं.

आत एक चिनी मातीची मोठी बरणी. मुलं रांगेत. प्रत्येक मुलगा पुढे येतो, खिशातला चमचा काढतो, जीभ बाहेर काढतो आणि मागपासून पुढपर्यंत खरवडतो. जे निघेल ते बरणीत. मग घशातून काढून थुंकतो, तेही बरणीत. मेट्रनबाई लांब दांड्याच्या पळीने हळूच वरची साय बाजूला करतात, आतलं चमचाभर त्याला देतात, तो गिळतो आणि पुढचा येतो. त्या सायीची जाडी मी बघितली. बोटभर होती. पळी बाजूला झाली की ती आपोआप मिटत होती. बाजूच्या स्टुलावर निळ्या कडेचा पांढरा कप होता. मेट्रनबाईंनी त्यात एक पळी ओतली, मग दुसरी, मग साय खाली ढकलून तळातलं दाट काढून तिसरी.

रांगेत शेवटी भोंगा होता. त्याच्या हातात मी दिलेला चमचा.

मी आत जाऊन त्याला ओढून काढलं. मेट्रनबाई अजिबात दचकल्या नाहीत. नव्या माणसाला स्वयंपाकघर दाखवावं तसं सांगायला लागल्या. मुलं याला विरजण म्हणतात. कालचं थोडं राखायचं, त्यात आजचं लावायचं. जो घेतो त्याने परत द्यायचं, नाहीतर ते मरतं. चॅपेल बांधलं तेव्हापासून एक दिवसही मोडलं नाही. मग कप पुढे करून म्हणाल्या, कोमट आहे तोवर घ्या.

बेसिनपर्यंत पोहोचलो हे नशीब.

१४ सप्टेंबर, शनिवार

दिवसभर ओकतो आहे. बोटं घालून, मीठ घालून, साबणाचं पाणी पिऊन. पोटात अन्नाचा कण उरला नाही तरी घशातून ते येत राहतं. पांढरं, लांब, तुटत नाही. चिमटीत धरून ओढलं तर आतून, फार खोलवरून काहीतरी धरून ठेवल्यासारखं झालं आणि मी सोडून दिलं. ते परत आत गेलं.

मी, ज्याने सख्ख्या बहिणीच्या ग्लासातून कधी पाणी प्यायलं नाही. शी. शी. शंभर पोरांची थुंकी, मेलेल्यांचीसुद्धा, आणि मी मोठा कप मागितला.

रेक्टरकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, रुमाल काढला, घडी उलगडली, घडी घातली. म्हणाले, सुरुवातीला सगळ्यांनाच किळस येते. पण एका ताटात जेवल्याशिवाय घर होत नाही आणि एका गळ्याने गायल्याशिवाय कॉयर होत नाही. मी म्हटलं, मी पोलिसांत जाईन. ते म्हणाले, जाऊन काय सांगाल? मुलं आजारी पडत नाहीत, गातात.

ऑफिसातून ताईला फोन केला. मी म्हटलं, ताई, मी बोलतोय. ती म्हणाली, अरे बाळा, जेवलास का, खोकला कसा आहे? मी परत सांगितलं, ताई, अगं मी. ती हसली. म्हणाली, मामाची नक्कल पुरे, मामाकडे दे फोन.

मी फोन ठेवला. माझ्या तोंडून निघालेला आवाज मलाही ऐकू आला होता.

१६ सप्टेंबर, सोमवार

खाली जाणारी बस बुधवारी. जीप मागितली, ती बिघडली आहे म्हणतात. भोंग्याला माझ्या खोलीत आणून ठेवलंय. सकाळी उठल्याबरोबर त्याला साबणाच्या जाहिरातीतलं गाणं म्हणायला लावतो. त्यातला वरचा सूर त्याला जन्मात लागलेला नाही. आजही नाही लागला. पार गडगडला. मी त्याला मिठी मारली. त्याला वाटलं, मामाला वेड लागलं.

त्याने कबूल केलं, की मंगळवारपासून तो रोज रांगेत जात होता. मीच दिलं म्हणून त्याला वाटलं, चांगलंच असेल.

मफलर काढून फेकला. थंडीच्या दिवसांत विरजण लागावं म्हणून आई भांड्याला जुनी शाल गुंडाळायची. अशीच. घट्ट. आणि म्हणायची, हात लावू नका रे, हललं की बिघडतं.

१७ सप्टेंबर, मंगळवार

बरणी ओतली.

मुलं वर्गात होती. स्वयंपाकघरातून उकळत्या पाण्याची किटली आणली, मागच्या खोलीचं कुलूप दगडाने तोडलं. बरणी बाहेर मोरीवर नेली आणि आडवी केली. साय आधी येईना. मग एकदम आली, एकसंध, लहान पोराएवढी. मी उकळतं पाणी ओतलं. तिने सूर काढला. खोटं लिहीत नाही, सूरच होता, आणि सच्चा होता. मी पाणी ओतत राहिलो.

तळाशी दात होते. दुधाचे, छोटे छोटे, पसाभर. आणि केस.

संध्याकाळी कॉयर उभी राहिली, तोंडं उघडली आणि आवाज नाही. एकालाही नाही. इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

मेट्रनबाई एका शब्दाने रागावल्या नाहीत. म्हणाल्या, नाहीतरी ते पातळ होत चाललं होतं, नवीन भांड्यात लावायचंच होतं. शहाणी बाई विरजण एकाच भांड्यात ठेवत नाही, सर. एवढं बोलून माझ्या चेहऱ्याकडे नाही, गळ्याकडे बघत राहिल्या.

१८ सप्टेंबर, बुधवार

भोंग्याला घेऊन बसमध्ये बसलो होतो. पहिल्या वळणावर भोंगा घुसमटायला लागला. ओठ निळे. पाणी पाजलं तर घशाखाली उतरेना, तसंच बाहेर. जीभ वाळलेल्या चामड्यासारखी, मधोमध भेगा. ड्रायव्हर म्हणाला, गाव लांब आहे, पोर वाटेत जाईल, वर शाळेत डॉक्टर येतात. परत आलो.

डॉक्टरने टॉर्च मारून बघितलं. घसा स्वच्छ आहे म्हणाला. माझा बघू का, असं विचारलं. मी तोंड उघडलं नाही.

मुलं सगळीच वाळत चालली आहेत, पण मेट्रनबाई म्हणतात, जुन्यांना दम असतो. नवीन लावलेलं आधी जातं. भोंगा सर्वांत नवीन.

हे मी केलं. आधी पाजलं मी, मग ओतलं मी.

२० सप्टेंबर, शुक्रवार

कॉलरचं बटण लागत नाही. गळा आतून भरलाय. चूळ भरली की पाणी दाट होऊन बाहेर पडतं. गोड. मागून आंबट.

भोंग्याला साबणाचं गाणं म्हणायला सांगितलं. त्याने ओठ हलवले. बेसूर तरी निघू दे रे, एवढंच मागतोय —

दुपारी घंटेवाले काका आले. दार लावून घेतलं आणि बोलले. मुके नाहीत. पिकलेली दाढी आणि पोराचा आवाज, म्हणून बोलत नाहीत. म्हणाले, सर, बरणी नंतर आली. मी कॉयरमध्ये होतो तेव्हा बरणी नव्हती. मागच्या खोलीत एक गाण्याचे मास्तर बसलेले असायचे. आम्ही चमचे घेऊन जायचो. खूप वर्षं पुरले. शेवटी शेवटी त्यांना बोलता येत नसे, पण मान मागे करून बसत आणि आतून सूर ऐकू यायचा. ते गेले, तेव्हा उरलेलं बरणीत काढलं.

मी विचारलं, भोंगा वाचेल का?

ते म्हणाले, त्याला मिळालं तर वाचेल. मग म्हणाले, मुलं चमचाभर पितात, सर. तुम्ही कप पीत होतात.

२१ सप्टेंबर, शनिवार

नाही. नाही करणार. माझ्या तोंडातलं, त्याच्या तोंडात — नुसतं लिहिलं तरी —

ताईचा फोन आला होता म्हणे. निरोप ठेवलाय. मामा-भाचे मजेत ना.

तो आता डोळे उघडत नाही. हात धरला की बोट दाबतो, हळू. जिभेच्या भेगांतून रक्तसुद्धा येत नाही.

मी शहाण्यासारखा गरम पाण्याने चमचा धुतला होता. आठवतंय. चमचा धुतला होता —

२२ सप्टेंबर, रविवार

सकाळ. प्रार्थनेची घंटा व्हायची आहे. गावातली माणसं येऊन बसलीत.

व्हरांड्यात रांग. कुणी दार वाजवत नाही. नुसते उभे आहेत, प्रत्येकाच्या हातात चमचा. पहाटे मेट्रनबाईंनी प्रार्थनेला म्हणून भोंग्याला उचलून नेलं, तो आता रांगेत पुढे आहे. दोघांनी धरलंय, पाय जमिनीला लागत नाहीत.

कडी मीच काढली. ताईला कुणीतरी सांगा, कडी मीच काढली, त्याच्यासाठी.

मेट्रनबाईंनी खुर्ची दिली. मफलर परत बांधला. वही मांडीवर असू द्या म्हणाल्या, फक्त मान हलवू नका.

त्याला माझ्यासमोर धरलं. चमचा माझाच. ओठ हलले, आवाज नव्हता, पण कळलं. मामा, आ कर.

केला.

साय सोडवावी तसं आत काहीतरी सुटलं. दुखलं नाही.

त्याने गिळलं. वाट बघितली. मग ओठांवर रंग. मग डोळे. पाणी मागितलं, दोन ग्लास प्याला, स्वतःच्या पायावर उभा राहिला. वाचला. ताई, वाचला गं.

मग गायला. साबणाचं. पहिला सूर, दुसरा, आणि वरचा, जिथे तो नेहमी गडगडतो तो — लागला. केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही. ताई, जसा नेला तसा —

रडू यायला हवं होतं. शिसारी यायला हवी होती. त्याने चमचा चाटला आणि पुढच्याच्या हातात दिला. धुतला नाही. मी बघितलं. किती सच्चा लागला पण —

आतून कुणीतरी त्याला साथ देतंय. माझं तोंड तर बंद आहे.

मिशीवाला पुढे आलाय. मागे रांग व्हरांड्याच्या टोकापर्यंत. मेट्रनबाई म्हणतात, लिहिणं पुरे आता, सर, हात थांबवा, हललं की बि